तीन नंबरमध्ये एक जण

सोमवार, १२ मे २०२५

पोहोचले एकदाची. धुळ्याहून यावलपर्यंत एसटीत घामाची आंघोळ झाली, त्यात शेजारच्या काकूंनी पापडांची पिशवी निम्मा रस्ता माझ्या मांडीवर ठेवली. तरी मूड शाबूत आहे. केळी पिकवण्याच्या या कारखान्यात मी आजपासून 'सिस्टीम इन्चार्ज'. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात एक टेबल, एक संगणक आणि करकरणारी खुर्ची. मालक पुनीतभैया जेमतेम तिशीचे. वडिलांच्या काळातल्या वह्या बंद करून सगळं संगणकावर आणायचं, हे त्यांनी चहा संपायच्या आत तीनदा सांगितलं.

बाहेर चव्वेचाळीस अंश आणि चेंबरच्या आत सोळा. अशी तीन चेंबर आहेत. दिवसा हिरव्या केळीचे क्रेट आत रचायचे, संध्याकाळी सव्वापाचला दारं लावून गॅस सोडायचा, मग सकाळी नऊपर्यंत उघडायचं नाही. आत माणूस राहिला तर गुदमरून मेलाच. म्हणून दाराशी भाईदास नाना उभे असतात. साठीपुढचे, पांढरी टोपी, हातात वही. सगळ्यांना ओळीत उभं करून एकेकाचं नाव घेतात. समोरून 'बाहेर' असं आल्याशिवाय पुढचं नाव नाही. शाळेतली हजेरी आठवून मला हसू आलं. नाना हसले नाहीत.

शुक्रवार, १६ मे

आज सिस्टीमच्या कंपनीचा माणूस येऊन तिन्ही दारांवर माणसं मोजणारे डोळे बसवून गेला. कोणी आत गेलं की स्क्रीनवर आकडा वाढतो, बाहेर आलं की कमी होतो. सव्वापाचला आकडा शून्य असेल तर दार आपोआप सरकतं, कुलूप लागतं, गॅस सुरू. शून्य नसेल तर दार हलतच नाही. आतल्या हवेची मोजदादही दर मिनिटाला होते आणि तिचा आलेख निघतो. मी दहा वेळा आतबाहेर करून पाहिलं. एक, शून्य, एक, शून्य. लहान पोरासारखी मजा वाटली.

लताबाई म्हणून क्रेट रचणाऱ्या बायांची मुकादम आहे. तिने विचारलं की हे डोळं नावानं ओळखतं का. मी म्हटलं, नावाची गरजच काय, संख्या बरोबर आली की झालं.

शनिवार, २४ मे

मागच्या तीन-चार वर्षांच्या वह्या संगणकात भरून बोटं दुखली. नानांचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे. पण हिशेब जुळेना. एक आणि दोन नंबरचं ठीक. तीन नंबरमध्ये रोज जितके आत गेले त्याहून एक जास्त बाहेर आलाय. रोज! एकोणीस आत, वीस बाहेर. बावीस आत, तेवीस बाहेर. जास्तीचं नाव प्रत्येक पानावर तेच आहे: सुपडू. शेवटच्या ओळीत, वेळेसह.

नानांना विचारलं. ते म्हणाले, ते नाव राहू द्या ताई. मी समजावलं की जो आत गेलाच नाही तो बाहेर आलेला संगणकाला चालत नाही, तो सगळं पानच नाकारतो. मला वाटलं, म्हातारपणी माणसं अशीच एखाद्या चुकीला धरून बसतात. मग मी एका फटक्यात सुपडूच्या सगळ्या ओळी पुसल्या. हजाराच्या वर निघाल्या. पाटी स्वच्छ झाल्यावर काय बरं वाटलं!

शनिवार, ३१ मे

नानांचा शेवटचा दिवस. डोळे बसल्यावर दाराशी माणूस कशाला, असं पुनीतभैयांचं म्हणणं. शाल, नारळ, पेढे झाले. सगळी नावं घेऊन झाल्यावर नाना तीन नंबरच्या दारात जरा वेळ थांबले. आत तोंड करून काहीतरी हाक मारली आणि बाजूला सरून उभे राहिले, कोणाला तरी वाट द्यावी तसे. मी पेढे वाटत होते, नीट पाहिलं नाही.

सोमवार, २ जून

पहिलाच दिवस आणि पहिलीच कटकट. सव्वापाचला एक नंबर शून्य, दोन नंबर शून्य, तीन नंबर: आत १. दार हलेना. लताबाईने आत जाऊन कोपरा न कोपरा पाहिला, मग मी पाहिला. चिटपाखरू नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले, नव्या सिस्टीममध्ये सुरुवातीला असं होतंच, डोळ्यावर धूळ असेल. धूळ पुसली. आत १. शेवटी हाताने दार लावून गॅस सोडला. पुनीतभैयांचा चेहरा बोलत होता.

गुरुवार, ५ जून

रोज तेच. कंपनीने डोळा बदलून दिला, तरी आत १. मग त्यांनीच फोनवरून तोडगा सांगितला: तीन नंबरच्या आकड्यातून कायमचा एक वजा करायचा. 'दुरुस्ती' नावाचा रकाना आहे, त्यात उणे एक टाकलं. लगेच शून्य दिसलं, दार सुरळीत सरकलं. कोणी आत अडकलं तर दार उघडायचं आतलं लाल बटण चालतं ना, हेही विचारून घेतलं. आत कोणी आहे असं संगणकाला दिसत असेल तर चालतं, म्हणाले. भैया खूश आहेत. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सोमवार, ९ जून

बाया तीन नंबरमध्ये जायला कुरकुरतात. लताबाई सांगत होती की पाठ केली की मागे कोणीतरी क्रेट उचलतंय असं वाटतं. संध्याकाळी सरळ रचलेली थप्पी सकाळी दाराला चिकटून असते, पायऱ्यांसारखी, वर चढून काहीतरी गाठायचं असावं तशी. मी कंप म्हटलं, पंखा म्हटलं.

मंगळवार, १० जून

हे लिहू की नको, कळत नाही.

तीन नंबरच्या हवेचा आलेख आज नीट पाहिला. केळी श्वास घेतात, त्यामुळे रेघ हळूहळू चढते; एक आणि दोन नंबरची तशीच गुळगुळीत आहे. तीन नंबरच्या रेघेवर बारीक दाते आहेत. पाच वीसला सुरू होतात. आधी सावकाश. मग घाईघाईने, उंच उंच. मग विरळ. सात पंचावन्नला शेवटचा दाता, पुढे सपाट.

दोन तारखेपासून रोज हेच, त्याच मिनिटांना. मी सगळे आलेख एकावर एक ठेवून पाहिले.

बुधवार, ११ जून

अर्धी रजा टाकून सावद्याजवळ नानांच्या घरी गेले. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हिरवी पट्टी. सुपडू कोण, एवढंच विचारलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सुपडू हमाल होता, तेवीस वर्षांचा. त्या दिवशी गावाकडची शेवटची गाडी निघत होती म्हणून नानांनी नावं न घेता लांबूनच डोकी मोजली आणि सगळे बाहेर आहेत म्हणून सांगितलं. सकाळी दार उघडलं तेव्हा तो दाराशीच होता. नाना हळू आवाजात म्हणाले, "बठ्ठा बाहेर शेतस, असं मीच सांगं व्हतं, ताई. तव्हापासून त्याले रोज बलावनं पडस. तो सोता निंघत नही."

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की दोन-चार मिनिटांत झोपेतच गेला. त्याच भरवशावर मी जगतो, म्हणाले. आलेखाचा कागद माझ्या पर्समध्ये होता. दोन तास पस्तीस मिनिटं. मी पर्स उघडली नाही.

त्यांना सोमवारपर्यंत घराबाहेर पडायची बंदी आहे. परतताना बसमध्ये मला रडू आवरेना. त्याची रोजची सुटका मी पुसली आणि वर पाटी स्वच्छ झाली म्हणून खूश झाले.

शुक्रवार, १३ जून

भैयांना सांगितलं. ते हसले नाहीत, पण ऐकलंही नाही. सोमवारी सिस्टीमची तपासणी आहे, तोवर आकडे जसे आहेत तसे ठेवा म्हणाले.

आजचे दाते कालच्यापेक्षा उंच आहेत. मला हे आणखी एक दिवस बघवणार नाही. उद्या मीच हाक मारते. नानांसारखं वहीत लिहूनही ठेवते. मग सोमवारी ती दुरुस्ती काढून—

शनिवार, १४ जून

५:२० — दार लागलंय. मी आत आहे.

नीट लिहिते. कोणाच्या तरी हाती लागेल. बाया पाचला गेल्या. मी दारात उभं राहून हाक मारली, सुपडूभाऊ, बाहेर या. काही झालं नाही. वाटलं ऐकू जात नसेल, म्हणून दोन पावलं आत आले. परत हाक मारली. अंगाला घासून काहीतरी गार गेलं. बाहेरच्या बाजूला.

आणि दार सरकलं.

तो निघाला. आत उरले मी, एक. एकातून एक वजा. शून्य.

५:४१ — लाल बटण मेलेलं आहे. संगणकाच्या लेखी आत कोणी नाही. फोनला रेंज नाही. दार ठोकून मुठी सोलल्या. चौकीदार पार रस्त्याकडच्या फाटकाशी. उद्या रविवार. घरमालकिणीला सांगून आले होते की धुळ्याला जाते.

६:०५ — क्रेट दाराशी रचून वर चढले. दारावरची हवेची झडप हाताला येते, पण हलत नाही. त्यानेही हेच केलं असणार.

६:३० — हे वाचाल तर तीन नंबरची दुरुस्ती काढा. उणे एक. आधी ते काढा. नावं घ्या. संख्या नको, नावं—

६:५२ — डोकं दुखतंय. श्वास हळू घ्यायचा ठरवते, जमत नाही. बाहेर टेबलावर रेघ उमटत असेल. माझे दाते. कोणी बघत नाही

७:२० — आईला फोन करायचा होता आज

७:३— बाहेर कोणीतरी आहे. दाराशी. नावं घेतंय, एकेक. लताबाई. थांबतंय. मग पुढच्या बाईचं. थांबतंय. नाना नाहीत, आवाज कोवळा आहे, तेविशीतला. सगळ्यांची घेतंय. माझं अजून—