तुळजाबाईंचे राहिलेले उपास

लिहून ठेवणार: श्रीपती रखमाजी बरकुले, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पेन्शन, राहणार मोंढ्यामागे, परतूर, जिल्हा जालना.

कारणे लिहून ठेवतो की, काल डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघितला आणि "वयाच्या मानानं बरा" असं सांगितलं. डोकं तपासायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, तेव्हा ते ठिकाणावर असल्याचं मीच लिहून देतो. हा कागद मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा चहा पाजला म्हणून लिहिलेला नाही. (चहा मूळचा चीनकडचा. पण तो विषय इथं नको.) यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा करायला बसलो होतो, पण प्रस्तावनेतच कागद संपला.

कलम १. माझ्या प्रेतावर झेंडूचे हार घालावेत की नाही, हे घरच्यांनी ठरवावे. झेंडू मेक्सिकोचा. दसऱ्याला आपण तो दाराला बांधतो, बैलाला घालतो, मोटारसायकललाही घालतो, तेव्हा मलाही चालेल. फक्त हार घालताना ही गोष्ट कोणीतरी मोठ्याने सांगावी. त्या वेळी मला सांगता येणार नाही.

कलम २. माझ्या अकरा वह्या कोणाला द्यायच्या, याचा निर्णय झालेला नाही. कारण त्या घ्यायला कोणी तयार नाही.

या वह्यांमुळे जे घडलं ते इथंच लिहितो, म्हणजे पुढची कलमं समजतील. मी तालुक्याच्या शेती खात्यात एकतीस वर्षं कारकून होतो. १९८८ साली परभणीच्या कृषी विद्यापीठातून हापिसात एक पुस्तक आलं. कोणतं पीक मूळचं कोणत्या मुलखातलं, असा त्याचा विषय. ते आवक रजिस्टरला चढवून कपाटात ठेवायचं, एवढंच माझं काम होतं. मी ते वाचलं, आणि नोंदींची पहिली वही घातली.

महिनाभरात हापिसातल्या लोकांनी माझ्यासमोर डबे उघडणं बंद केलं. बटाट्याची भाजी दिसली की मी पेरू देशाचं नाव घ्यायचो. कोणी पेरू कापला तर या फळाच्या नावातच तो देश कसा आहे ते सांगायचो. साहेबांच्या डब्यातल्या मिरचीच्या ठेच्याबद्दल बोललो त्या दिवशी माझी बदली घनसावंगीला होता होता राहिली.

त्याच वर्षी कार्तिकी एकादशीला सासूबाई आमच्याकडे होत्या. तुळजाबाई त्यांचं नाव, मी त्यांना मामी म्हणायचो. केदारखेड्याहून चष्मा करायला चार दिवसांसाठी आल्या होत्या. चारच दिवस, कारण लेकीच्या घरी आईनं जास्त राहू नये असा आपल्याकडे रिवाज. मामी तर पहिल्या दिवशी आमच्या घरचं पाणीही लाजत लाजत प्यायच्या.

माझी पत्नी प्रभावती हिनं ताट वाढलं. साबुदाण्याची खिचडी, त्यात दाण्याचा कूट, बटाटा, हिरवी मिरची. बाजूला उकडलेली रताळी आणि राजगिऱ्याचा लाडू. मी ताटाकडे बघितलं आणि मला राहवलं नाही.

"मामी," मी म्हणालो, "या ताटातलं मीठ, गूळ आणि जिरं सोडलं तर बाकी सगळं अमेरिका खंडातलं. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो ब्राझीलकडचा. शेंगदाणा तिकडचाच. मिरची, बटाटा, रताळी, राजगिरा, सगळं तिकडचं. पोर्तुगीज वगैरे लोक जहाजानं आले, त्यांच्या मागे चार-पाचशे वर्षांत हे आलं. जुन्या शास्त्रात याचं नाव असणंच शक्य नाही. आणि जिरं भूमध्य समुद्राकडचं."

मामींनी घास ताटात ठेवला.

"जावईबापू, म्हंजे हे उपासाचं न्हाईच?"

"शास्त्राप्रमाणं बघितलं तर..."

"तेरा वर्सांची व्हते लग्न झालं तवा. आज चौसष्ट. म्हंजे एक्कावन वर्सं एकादशीला मी जेवूनच राह्यले?"

मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "तसं म्हणता येईल."

"मंग माझे उपास गेले कुठं?"



दुसऱ्या दिवशी द्वादशी. प्रभावतीनं पुरण घातलं तर मामी म्हणाल्या, "मला नको. आजपासून राह्यलेले फेडायचे." एक्कावन्न वर्षांच्या, वर्षाला चोवीस याप्रमाणे, एक हजार दोनशे चोवीस एकादश्या. अधिक महिन्यांच्या त्यांनी देवाला सोडून दिल्या. तेवढे चिंचोके मोजून त्यांनी एका मडक्यात भरले आणि रोज संध्याकाळी एक चिंचोका दुसऱ्या मडक्यात टाकायचा असं ठरलं. चालू एकादशी आली की त्या दिवशी चिंचोका हलायचा नाही. तो उपास त्या दिवसाचा, थकलेल्यात धरायचा नाही, असा त्यांचा कायदा. चिंच मूळची आफ्रिकेची आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तर बोललो असतो.

"आता तुमीच सांगा काय चालतं," मामी म्हणाल्या. "तोंडी नको. सही-शिक्क्याचं आणा."

मी हापिसाच्या टाइपरायटरवर यादी केली. भगर: मंजूर. दूध, दही, ताक, तूप: मंजूर. काकडी: मंजूर, हिमालयाच्या पायथ्याची. मिरी: मंजूर, केरळ. लिंबू: मंजूर. आंबा: मंजूर, हंगामात. जिरे: नामंजूर. केळी: विचाराधीन. वांगे: देशी असूनही उपासाला चालत नाही, सबब नामंजूर. खाली सही केली आणि आवक-जावकचा गोल शिक्का मारला. हा सरकारी शिक्क्याचा गैरवापर होता हे मी या मृत्युपत्रात कबूल करतो.

ही बातमी गल्लीत गेली. शेजारच्या कांताबाई पंधरा-वीस बाया घेऊन दारात आल्या. "भाऊजी, आमचे बी गेले का वो?" मी खरं तेच सांगितलं. त्यातल्या दोघी रडल्या. कांताबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला जे सुनावलं ते कायदेशीर कागदात लिहिता येत नाही. मारुतीच्या देवळातल्या महाराजांनी निकाल दिला की बापजादे जे खात आले ते चालतं. त्यावर मामी म्हणाल्या, "महाराज, तुमचा जावई शेती खात्यात न्हाई."

आठ दिवसांत परतुरातली भगर संपली. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार शरदचंद्र, म्हणजे शरदशेठ, यांच्याकडे साबुदाण्याची दोन पोती पडून राहिली आणि त्यात किडे झाले. ते घरी येऊन म्हणाले, "साहेब, एक वाक्य तुमचं, पण खर्च माझा." तेव्हापासून मला त्यांच्याकडे सुट्टी तंबाखूसुद्धा मिळाली नाही. तंबाखू कुठली हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, हे माझे उपकार.

कलम ३. माझे मेव्हणे काकासाहेब, राहणार केदारखेडा, यांस.

काकासाहेब, १९८९ च्या उन्हाळ्यात तू जीप करून तीन माणसं घेऊन माझ्या दारात आलास आणि साऱ्या मोंढ्याच्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलास, "दाजी, माझ्या मायला उपाशी मारून राह्यले तुमी!" मी चौकटीत उभा होतो आणि माझ्या हातात मामींसाठी आणलेली काकडी होती. मामी आतून बाहेर आल्या. तुला आठवत असेल, त्या आधीपेक्षा अंगानं चांगल्या दिसत होत्या.

"माझे हजारावर उपास राह्यले हायेत," त्या तुला म्हणाल्या. "तुझ्या घरी मला सही-शिक्क्याचं कोण देईल? जा तू."

तू गेलास आणि दहा वर्षं सगळ्या भोकरदन तालुक्यात सांगत फिरलास की जावयानं मायला बांधून ठेवलं. त्याबद्दल मी तुला माफ करत होतो, पण प्रभावती म्हणाली की एवढ्यात करू नका. सबब निम्मी माफी देत आहे. शिवाय मामी दर वर्षी राखेत घोळून ठेवायच्या ते काकडीचं बी तुला देत आहे. पहिल्या पावसावर बांधाला टाक. तुझ्या आईच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे उरलेलं नाही.

कलम ४. ज्वारीबाबत खुलासा.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

१९९० साली माझं मन मला खाऊ लागलं. प्रभावती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि ते कामही काकडीचं. मी रेल्वेनं परभणीला गेलो आणि त्या विषयातल्या एका प्राध्यापकांना गाठलं. म्हणालो, "साबुदाणा आपलाच आहे असं एका ओळीत लिहून द्या. एका म्हाताऱ्या बाईचा प्रश्न आहे."

ते हसले. "ते कसं देऊ? आणि साबुदाण्याचं काय घेऊन बसलात? आपली ज्वारीसुद्धा आफ्रिकेची. आली हजारो वर्षांपूर्वी, पण मूळ तिथलंच."

मी परतीच्या गाडीत बसलो. सेलू येईपर्यंत ज्वारी माझ्या घशापर्यंत आली होती. डब्यात समोर एक माणूस भाकरी खात होता. मी तोंड खिडकीकडे केलं. घरी आलो. प्रभावतीनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "साहेब रजेवर होते."

जून १९९२ मध्ये शेवटचा चिंचोका दुसऱ्या मडक्यात पडला. साडेतीन वर्षांपेक्षा जास्त झाली होती. दुसऱ्या दिवशी पारणं. प्रभावतीनं विचारलं, "माय, काय करू? पुरण? खीर?" मामी म्हणाल्या, "भाकर कर. गरम." ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तूप. मामींनी तुकडा मोडला आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, ही तरी आपलीच ना?"

प्रभावती हातातलं उलथणं तसंच धरून माझ्याकडे बघत होती. माझं सगळं अंग सांगायला उठलं होतं.

"बिलकुल आपलीच, मामी," मी म्हणालो. "इथलीच. मुळापासून इथलीच."

त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. त्या रात्री प्रभावती माझ्याशी भरताविषयी बोलली. तसा साधा विषय आमच्यात तीन वर्षांत निघाला नव्हता.

सकाळी उठून बघतो तर मामी पिशवी भरून ओट्यावर बसलेल्या. उपास संपले होते, आता लेकीच्या घरी राहायला कारण नव्हतं. केदारखेड्याला जायला भोकरदनची गाडी होती. मी पिशवी उचलायला वाकलो. मामी पदराशी चाळा करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"जावईबापू, चतुर्थ्यांला बी म्या साबुदाणाच खाल्ला व्हता. तेचं कसं?"

मी एकतीस वर्षं कागद वाचले, पण ते वाक्य वाचायला मला थोडा वेळ लागला. मग पिशवी आत नेऊन ठेवली. म्हणालो, "चतुर्थ्या गंभीर आहेत मामी. त्या फेडाव्याच लागतील."

चतुर्थ्यांना दोन वर्षं लागली. त्यानंतर मीच जुन्या वहीत बघितल्यासारखं करून शनिवार काढले, तीस वर्षांचे. चतुर्थीचा उपास चंद्र बघून आणि शनिवारचा दिवस मावळल्यावर सुटायचा, तेव्हा रोज रात्री भाकरी असायची. उपास करणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की किती दिवस राहणार. १९९८ च्या दिवाळीनंतर मामी आमच्या घरी, स्वतःच्या गोधडीवर गेल्या. एकशे अकरा शनिवार राहिले होते. ते मी केले, साबुदाण्याच्या खिचडीवर. तो कंद कुठला हे देवाला ठाऊक असेलच.

लेकीच्या घरी आईनं राहू नये, हा रिवाज कुठून आला तेही मी अकरा वह्यांत शोधलं. सापडलं नाही.

कलम ५. मोंढ्यामागचे दोन खोल्या व पत्र्याची पडवी असे माझ्या कमाईचे घर मी माझी पत्नी प्रभावती हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी बेबीनंदा हिला.

पोस्टातली सगळी रक्कम मोडून बेबीनंदाच्या जालन्यातल्या घरावर एक खोली बांधावी. खोलीला रस्त्याकडून वेगळा जिना असावा आणि विजेचा मीटर प्रभावतीच्या नावाचा असावा. जावई धर्मराजराव यांना मी हे समक्ष विचारले आहे. ते म्हणाले, "मामा, मीटर कशाला? घरच त्यांचं आहे." मी म्हणालो, "तुम्ही चांगले आहात, पण मीटर घ्या." दर महिन्याला दारात जे बिल येईल त्यावर तिचं नाव छापलेलं असेल. मग तिला वाटेल तेवढे दिवस राहता येईल आणि वाटेल ते खाता येईल.

हे कलम वाचून दाखवलं तेव्हा प्रभावती दारात उभी होती. म्हणाली, "अहो, एवढं सुचतं तर त्या एकादशीला गप का नाही बसला?" मी म्हणालो, "बसलो असतो तर मामी चौथ्या दिवशी परत गेल्या असत्या." ती आत गेली.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकिलांनी सांगितलं. म्हणून शरदशेठ आणि कांताबाई यांना साक्षीदार केले आहे.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र राजीखुशीने, चष्मा लावून, दोनदा वाचून लिहून ठेवले आहे. यात खाडाखोड एका ठिकाणी आहे, तिथं टोमॅटोविषयी लिहिलं होतं.

ठिकाण: परतूर
दिनांक: ९ मार्च २००३

(सही) श्रीपती रखमाजी बरकुले

साक्षीदार:

१. (सही) शरदचंद्र, किराणा व्यापारी, परतूर.
२. (डाव्या अंगठ्याचा ठसा) कांताबाई, शेजारीण, परतूर. (सही येते, पण आज करायची नाही म्हणाल्या.)

साक्षीदार क्रमांक एक लिहून देतो की, वरील गृहस्थांनी आमच्यासमोर सही केली. करताना त्यांनी आम्हाला सांगितले की 'सही' हा शब्द अरबीतून आला आहे, आणि 'साक्षीदार' यातला साक्षी संस्कृत व दार फारसी आहे. कांताबाई म्हणाल्या, माणूस पूर्ण शुद्धीवर आहे, लिहा. त्याप्रमाणे लिहिले.