ओठांवरचा रंग

मंगळवार, १२ सप्टेंबर २००६. संध्याकाळ, हॉस्पिटलच्या बाकावर.

मांडीवर वही ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आज मी डॉक्टरची कॉलर धरली. उल्हासनगरातल्या आमच्याच गल्लीतला डॉक्टर. माझी मनू पाच महिन्यांची. सकाळपासून तिची छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळे पडलेले. त्याने खुर्चीतूनच बघितलं आणि हसला मेला. "जीन्सच्या कारखान्यात जाता ना? तुमच्याच हाताचा रंग लागलाय. हात धुवून घेत जा पोरीला." आणि लगेच, "नेक्स्ट!"

माझी बोटं निळी आहेतच, दिवसभर जीन्सचे धागे कापते मी. क्षणभर वाटलं, खरंच माझंच चुकलं असेल? तिथेच पदर ओला करून मनूचे ओठ पुसले. खसाखसा पुसले. ती रडलीसुद्धा नाही. पदर कोराच राहिला.

मग टेबलावरची औषधाची बाटली भिंतीवर फोडली. कॉलर धरून त्याचं तोंड मनूच्या तोंडाशी आणलं. "बघ! आता तरी बघ!" अजून एक शब्द बोलला असता तर दात पाडले असते त्याचे. खरंच पाडले असते. तेव्हा कुठे त्याने मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहिली, रिक्षा बोलावली.

इथे अंबरनाथला आल्या आल्या ऑक्सिजन लावला. नर्सबाईंनी साबण पुढे केला. "बाळाला घ्यायच्या आधी हात धुवा." त्यांचाही गळा धरावासा वाटला. तीनदा धुतले. बोटांवरचा रंग गेला नाही.

मनूच्या ओठांवरचा गेलाय.