भटक्या – हजर

३ मार्च

वायरमन येऊन भिंती ठोकून बघून गेला. "ताई, या वायरी नाहीत, वाती आहेत. कधी पेटतील नेम नाही. सगळ्या बदलायच्या. अख्खा दिवस वीज बंद राहील."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

"पुढच्या महिन्यात मला नाही, बंबाला बोलवाल!" स्वतःच हसला. वीस तारीख ठरवून गेला.

आई – माझ्या सासूबाई – दारात उभ्या होत्या. त्यांनी त्याला विचारलं, "दिवसभर म्हणजे किती? आणि ते इंटरनेटही जाणार?" मला नवल वाटलं. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. इंटरनेटवाचून त्यांचं काय अडलंय! मग म्हणाल्या, "माझ्या पलंगापाशी एक सॉकेट वाढव रे बाबा. दिव्याला."

वीज बंद म्हणजे चपलांच्या कपाटावरचा डबाही बंद. हे वायरमन गेल्यावर डोक्यात आलं. खाली बॅटरी आहे, पण ती तासभर तग धरते. दिवसभर नाही.

४ मार्च

डबा म्हणजे घरातलं नेटवर्क सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. माझ्या नवऱ्याने बसवलेला. ऑफिसात आम्ही तिघं जे सॉफ्टवेअर बनवत होतो – तो, मी आणि आमचा भागीदार, ज्याला सगळे दाढी म्हणतात – त्याची कच्ची आवृत्ती त्यावर चालते. घरात कुठलाही फोन किंवा टीव्ही नेटला जोडला की प्रोग्राम एका फाइलमध्ये त्याचं नाव लिहितो आणि पुढे 'हजर'. नावं त्यानेच ठेवलेली. माझा फोन 'घरकोंबडी'. त्याचा 'भटक्या'.

नेटवरून गेलेल्याचं नाव खोडायचा भाग त्याने लिहिलाच नव्हता. "ते नंतर करतो. रीस्टार्ट केलं की पाटी कोरी होतेच." नंतर राहिलं.

म्हणून फाइलमध्ये ती ओळ अजून आहे. भटक्या – हजर.

त्याचा फोन दवाखान्यातून घड्याळ-पाकिटाबरोबर एका पिशवीत आला. पिशवी मी आईंच्या कपाटात ठेवून दिली. उघडली नाही. पण रोज सकाळी चपला घालता घालता ती फाइल उघडते. एक ओळ. बघते आणि निघते.

६ मार्च

दाढीने आज विषय काढलाच. "वहिनी, आता तुम्हीच काय ते ठरवा. मी नुसता दाढी खाजवत बसतो."

भांडण जुनंच आहे. आमचं सॉफ्टवेअर स्वतः बनवलेल्या फाइली लिनक्सवर /etc नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. एका छापखान्याच्या माणसाने त्यातली एक फाइल हाताने दुरुस्त केली, प्रोग्रामने दुसऱ्या दिवशी ती पुसून आपली लिहिली. त्याने फोनवर आमचा उद्धार केला! शिवाय नव्या यंत्रांवर /etc ला कुलूपच असतं, तिथे लिहिताच येत नाही. मग फाइली ठेवायच्या कुठे? नवी आवृत्ती महिनाअखेरीला जायची आहे.

माझा नवरा हे किती सोपं करून सांगायचा. एकदा पोळपाटावर पिठाने तीन गोल काढले होते. "/etc म्हणजे माणसाने हाताने लिहिलेलं. तिथे प्रोग्रामने नाक खुपसायचं नाही. /var/lib म्हणजे वीज गेली तरी यंत्राने लक्षात ठेवायचं. आणि /run म्हणजे या घडीला जे आहे तेवढंच. वीज गेली की पुसलं."

त्याचं मत /run. घरच्या डब्यात तसंच केलंय.

मी विचारलं होतं, "आणि पुसल्यावर?"

"खरं असेल तर परत लिहिलं जाईल. त्यात काय!" आणि हाताचं पीठ माझ्या नाकाला.

तो पोळपाट आज धुतला तेव्हा उगाच बराच वेळ हातात राहिला.

९ मार्च

मी /var/lib ठरवलं. सगळं तिथे. काहीही पुसलं जाणार नाही. घरी डब्यावरही तेच चढवायचं, मग वीज गेली तरी चालेल. घरच्या डब्याचं दाढीला सांगितलं नाही.

दाढी म्हणाला, "त्याचं म्हणणं /run होतं, वहिनी."

"तो नाहीये."

हे मी मोठ्याने म्हटलं. पहिल्यांदा. दाढी उठून पाणी प्यायला गेला, बाटली टेबलावर भरलेली असताना.

एका वाचनालयाच्या यंत्रावर चाचणीला पाठवलं.

१० मार्च

दाढीला कळलंच. त्याला काय, तो चेहऱ्यावरून फाइली वाचतो. म्हणाला, "अहो, मग ती ओळ कॉपी करून ठेवा ना."

केली होती. कधीच. पण नक्कल म्हणते, तो होता. ती फाइल म्हणते, आहे. हे त्याला कसं सांगणार? "हो, करते," म्हटलं.

१३ मार्च

आई जेवताना – "काय गं, तो डबा तुझ्याकडे बघतो की तू त्याच्याकडे? रोज सकाळी दोघं तोंडाला तोंड लावून उभे!"

मी हसले. त्याही हसल्या. मग दोघी आमटीत बघत बसलो. त्यांचा मुलगा, माझा नवरा. आम्ही दोघी एका घरात राहतो, पण त्याचं नाव आमच्यात कोणी काढत नाही. मी काढेन म्हणून त्या थांबल्यात, आणि त्या काढतील म्हणून मी.

जेवल्यावर खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. हल्ली फार लवकर दार लावतात.

१६ मार्च

वाचनालयात घोळ! त्यांनी यंत्रातलं जुनं नेटवर्क कार्ड काढून नवं बसवलं, यंत्र चालू केलं – आणि ते सुरूच होईना. दाढी आणि मी दोघं गेलो. बाहेर पुस्तकं बदलायला आलेल्यांची रांग. ग्रंथपाल बाई हाताची घडी घालून उभ्या. "तुमचं सॉफ्टवेअर शहाणं आहे म्हणाला होतात."

पडद्यावर एकच ओळ. जुन्या कार्डाची वाट बघत आहे. मिनिट गेलं, वाट बघत आहे. आणखी एक, वाट बघत आहे.

माझीच करामत. /var/lib मध्ये जपून ठेवलेल्या फाइलीत जुनं कार्ड अजून होतं. यंत्राने ती वाचली आणि खरी धरली. नवं कार्ड शेजारी जोडून तयार, त्याच्याकडे ढुंकूनही बघेना.

दाढी हळूच म्हणाला, "काढून टाकलेल्या कार्डासाठी अडून बसलंय बिचारं." मग माझ्याकडे बघून त्याने जीभ चावली.

मी ती फाइल पुसली. यंत्र लगेच उठलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "एवढंच होतं?"

एवढंच.

१७ मार्च

/run. ठरलं. लक्षात ठेवायच्या मोजक्या गोष्टी तेवढ्या /var/lib मध्ये, माणसाचं /etc मध्ये, प्रोग्रामने या घडीला बनवलेलं सगळं /run मध्ये. कारणांसकट लिहून पाठवलं. खाली सुचवणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. त्याचं घातलं.

दाढीने उत्तर पाठवलं – "मंजूर." मग पाच मिनिटांनी दुसरं – "गाढव बरोबर होता."

घरच्या डब्याला हात लावला नाही. आहे तसाच राहू दे.

१९ मार्च

उद्या वायरमन. दुकानात मोठ्या बॅटरीची चौकशी केली. दिवसभर चालेल अशी आहे म्हणाले. हातात घेतली. जड. परत ठेवली आणि घरी आले.

पूर्वी संध्याकाळी जिन्यात त्याची पावलं वाजायच्या आधी मला घरातूनच कळायचं. फोन खालूनच नेटला जोडायचा, माझ्या पडद्यावर यायचं – भटक्या – हजर. मी दार उघडून उभी. तो म्हणायचा, "काय गं, मला वास येतो का?" कधीच सांगितलं नाही त्याला. त्याला माहीत असणार. प्रोग्राम त्याचाच!

आज जिन्यात कुणाचीही पावलं वाजली तरी मान वळते.

२० मार्च

वीज सकाळीच गेली. बॅटरीने जमेल तितका वेळ डबा धरला. मग तिची पीप-पीप सुरू झाली. वायरमन म्हणाला, "ताई, हे आधीच बंद करा, नाहीतर खराब होईल." मीच बटण दाबलं. पंख्याची घरघर थांबली. घरात ती घरघर होती हे थांबल्यावर कळलं.

आई दिवसभर आत-बाहेर करत होत्या. "झालं का रे? अजून किती?" वायरमन म्हणाला, "आजी, तुमची मालिका बुडत नाही!" त्या त्याच्यावर उगाच डाफरल्या. अशा कधी डाफरत नाहीत.

संध्याकाळी वीज आली. डबा आपोआप चालू झाला. फाइल उघडली नाही. धीर झाला नाही. रिकामी असणार, ठाऊक आहे.

२१ मार्च

सकाळी चपला घालता घालता उघडली.

टीव्ही – हजर.
घरकोंबडी – हजर.
भटक्या – हजर.

चप्पल एकाच पायात. आईंच्या दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "ये. लपवायचं नव्हतं गं. त्याला अजून मेसेज येतात. तू बंद करून टाकशील अशी भीती वाटली."

पलंगापाशी नवं सॉकेट. त्याला लावलेला त्याचा फोन.