कुमवेंडा पट्टेरी

९ ऑक्टोबर, सकाळी ५.४०
आजपासून रोजनिशी. एकतीस वर्षं ब्लांटायर शहराच्या पोस्टात लोकांच्या टपालाची नोंद ठेवली, आता लायटन कुमवेंडा स्वतःची ठेवणार. कुणी वाचणार नाही, तेव्हा खोटं लिहिण्याचं कारण नाही. रिटायर होऊन दहा दिवस, बायकोच्या, फालेसीच्या गावी येऊन चार.

इथे जमीन बायकांची. नवरा लग्न करून बायकोच्या गावात राहायला येतो. आमच्या उत्तरेकडे उलट असतं. नोकरीत होतो तोवर हा प्रश्न आला नाही. आता साठाव्या वर्षी मी घरजावई. हातपंपावरच्या बायका 'जावईबापू, बादली सरकवा' म्हणतात. दुर्लक्ष करतो.

१० ऑक्टोबर
फालेसीचे थोरले भाऊ मि. सांडिफोलो आले. बहिणींच्या घरांचा सगळा कारभार यांच्या शब्दावर चालतो. माणूस फार कमी बोलतो, त्यामुळे आपल्यालाच जास्त बोलावं लागतं. ओढ्याकडचं एक एकर या हंगामापुरतं मला दिलं. जाताना म्हणाले, "दाजी, पीक निघालं की बसू सगळे. मग तुमचं ठरवू."

माझं काय ठरवणार, हे मी विचारलं नाही. फालेसीने सांगितलं. ज्या जावयाला मका जमत नाही त्याला चटई गुंडाळून माघारी पाठवतात. तिच्या मावशीच्या दोन नवऱ्यांना पाठवलं होतं. "दुसरा तसा चांगला होता हो," म्हणाली.

संकल्प: चाळीस पोती. गावात आजवर कुणी काढली नसतील इतकी.

१४ ऑक्टोबर
घरासमोर नुसती उघडी माती. इथल्या बायका पहाटे उठून अंगण झाडतात आणि गवताची काडी दिसली की उपटतात. साप लगेच दिसावा म्हणून म्हणे. मला हे रुक्ष वाटतं. निरोपाच्या दिवशी पोस्टाच्या बागेतून तीन पोती गवताचे गड्डे आणले होते (परवानगी होती असं धरायला हरकत नाही). आज लावले. लॉन असलेलं घर ओळखू येतं.

फालेसी म्हणाली, "अहो, हे खायचं आहे का?"

मी तिला टापटीप म्हणजे काय ते समजावलं. ती झाडू घेऊन मागच्या अंगणात गेली.

२ नोव्हेंबर, दुपारी
ऊन असह्य. सगळं गाव करपलेलं, फक्त माझं लॉन हिरवंगार. रोज आठ बादल्या. पंपावर कुजबुज होते. होऊ दे.

शेजारच्या एनिफाबाई येऊन उभ्या राहिल्या. विधवा बाई, एकट्याच राहतात. ओढ्याकडे त्यांचं शेत माझ्या बांधाला लागूनच. म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या गवतात पाय टाकला की काहीतरी तिळाएवढं टुणटुण उडतंय बघा." मी म्हटलं, निसर्ग आहे. त्या हसल्या. बाईंना सौंदर्यदृष्टी आहे असं वाटतं.

बाकी सगळे वरंबे घालतायत. मी भिंतीवर तक्ता केला आहे. आधी योजना, मग कुदळ.

२८ नोव्हेंबर
पाऊस झाला. सगळं गाव खुळ्यासारखं एकाच दिवशी पेरायला धावलं. फालेसीही टेकडीवरच्या स्वतःच्या शेतात गेली. मी गेलो नाही. माझ्या तक्त्याप्रमाणे पेरणी २० डिसेंबर, पाऊस स्थिरावल्यावर. पोस्टात घाईने मारलेला शिक्का नेहमी वाकडा पडतो.

सांडिफोलोंनी बियाण्याची पिशवी पाठवली. निरोप: "या वाणाला पट्टे पडत नाहीत." कसले पट्टे ते कळलं नाही. पिशवी साभार परत. माझ्याकडे लिम्बेतल्या मित्राने दिलेलं जुनं पांढरं बी आहे. त्याच्या आजोबांची कणसं माणसाच्या हाताएवढी असत, असं तो दर वेळी सांगतो.

एनिफाबाईंना ताप. त्यांचीही पेरणी राहिली.

२१ डिसेंबर
पेरणी. एक दिवस उशीर झाला, पण दोरी नीट ताणायला वेळ लागतो. एनिफाबाईंनी गेल्या आठवड्यात उरकून घेतली. इतरांचा मका गुडघ्याला आला आहे. उंची हा काही एकमेव निकष नाही. माझ्या ओळी सरळ आहेत. कंबर गेली.

९ जानेवारी
उगवलं! ओळी अशा की कुणी फूटपट्टीने आखाव्यात. सांडिफोलो बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "सरळ आहेत." स्तुतीच म्हणायची.

१८ जानेवारी, सकाळी
कोवळ्या पानांच्या बुडाशी फिकट ठिपके. खत कमी पडलं असणार. दिलं.

२१ जानेवारी
ठिपके वाढले. आणखी खत.

२२ जानेवारी, पहाटे आणि पुन्हा दुपारी
दोनदा शेतावर जाऊन आलो. घरात बसवत नाही. फालेसी म्हणाली, "किती फेऱ्या माराल? पानं तुमच्याकडे बघून हिरवी होणार आहेत का?" तिला शेतकऱ्याची तगमग कळत नाही. (तिचा मका डोक्यावरून गेला आहे.)

२६ जानेवारी
महत्त्वाचा दिवस. ठिपके जुळून पानभर पिवळ्या, तुटक, बारीक रेघा झाल्या आहेत. एका पानावर नाही, शेकडो पानांवर, शिरांना धरून, एकसारख्या. रोगराईत इतकी शिस्त नसते. हे नवीन वाण आहे. आपोआप तयार झालं, माझ्या शेतात.

नाव: कुमवेंडा पट्टेरी.

कृषी खात्याला पत्र लिहिलं. तीन पानी, दोन प्रती, सोबत एक पान वाळवून. रजिस्टर पोस्टाने.

४ फेब्रुवारी
पट्टेरी ठेंगणा आहे. कमरेच्या वर जायला तयार नाही. फायदा: वाऱ्याने आडवा होणार नाही, कणसं काढायला हात वर करावा लागणार नाही. खात्याला पुरवणी पत्र.

आनंदाची गोष्ट, एनिफाबाईंच्या शेतातही पट्टे आले! वाऱ्याबरोबर माझ्या वाणाचा गुण तिकडे गेला असावा. त्यांना जाऊन सांगितलं, अभिनंदन, फुकटात मिळालं. त्या पान हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, याला कणीस धरेल का?" मी म्हटलं, धरेल, वेगळ्या प्रकारचं. बाई फारच थकलेल्या दिसतात.

१३ फेब्रुवारी, लिहावंसं वाटत नाही
सांडिफोलोंनी कृषी सहाय्यक बाईंना बोलावलं. तियामिके नाव. मोटारसायकलवर आल्या, वय पंचविशीच्या आसपास. पान उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "सर, हे वाण नाही. आजार आहे."

मी वाळवलेल्या पानाची दुसरी प्रत दाखवली. त्यांनी तीही बघितली. "हाही आजारच आहे, सर."

मग सगळ्यांदेखत सांगितलं. पानावर तुडतुडे असतात, तिळाएवढे. रोगट गवताचा रस पितात आणि मग कोवळ्या मक्यावर येऊन बसतात, की रोग मक्यात. उशिरा पेरलेल्या मक्याला सर्वात आधी. औषध नाही. "कोरड्या महिन्यांत सगळं वाळतं तेव्हा तुडतुडे मरून जातात, नाहीतर कुठल्यातरी हिरव्या गवतात तग धरतात. इथे ऑक्टोबरमध्ये हिरवं गवत कुठे होतं का?"

सगळे माझ्या घराकडे बघायला लागले. मीही बघितलं, कारण न बघणं विचित्र दिसलं असतं.

एनिफाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या मक्याला आता काही करता येईल का गं?" तियामिकेबाई म्हणाल्या, "रोगट ताटं उपटून टाका, आजी. उरेल ते उरेल."

१४ फेब्रुवारी
मुलगी लहान आहे. पुस्तकी ज्ञान. तुडतुडे लॉनचेच कशावरून? त्यांच्यावर शिक्का नसतो.

सांडिफोलो अजून एक शब्द बोललेले नाहीत. हे फार वाईट आहे. रागावले असते तर उत्तर देता आलं असतं.

फालेसीने सकाळी कुदळ घेतली आणि लॉन खणायला लागली. दहाच्या आत संपलं. मी आत बसून तक्त्यावर सुधारणा करत होतो. तिने हाक मारली नाही आणि मीही गेलो नाही.

३ मार्च
खात्याचं उत्तर आलं!!! माझ्या शेतावर शिवारफेरी. बारा गावांचे शेतकरी येणार, शेत बघायला. म्हणजे पत्राची दखल घेतली गेली. तियामिकेला वरिष्ठांनी समज दिली असणार. भाषण तयार करतो. चार पानं.

सांडिफोलोंच्या घरी जाऊन पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दाजी, पुन्हा एकदा वाचा." मी वाचलं. ते म्हणाले, "बरं."

१९ मार्च
शिवारफेरी झाली. साठ-सत्तर माणसं. तियामिकेबाईंनी आधी टेकडीवर फालेसीचं शेत दाखवलं. मग माझं. "आता हे बघा," म्हणाल्या. लोक आत शिरले, पानं तोडून हातात घेतली, वास घेतला, एकमेकांना दाखवली. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "लॉनवाले ते तुम्हीच का?" मी म्हणालो, हो.

भाषणाला वेळ नव्हता. सगळ्यांना टीशर्ट वाटले. मला उरला तो लहान मापाचा होता, मी तोही घेतला.

६ एप्रिल
काढणी. माझी साडेतीन पोती. कणसं बोटाएवढी, त्यात मधूनमधून दाणे. एनिफाबाईंची दोन. त्यांना दर वर्षी अकरा होतात, हे मी विचारलं नव्हतं, फालेसीने आपणहून सांगितलं. फालेसीची स्वतःची एकोणीस. कणगी गच्च भरली. मी म्हणालो, आपलं मिळून साडेबावीस झालं. तिने कणगीला झाकण घातलं.

एनिफाबाईंकडे जायचं होतं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. दारापर्यंत गेलो. आतून पाखडण्याचा आवाज येत होता. परत आलो. उद्या नक्की.

१२ एप्रिल
गेलो नाही. पाय दुखतोय.

१६ एप्रिल
उद्या बैठक. फालेसीच्या सगळ्या बहिणी, त्यांची माणसं, सांडिफोलो. माझी भूमिका ठरली आहे. त्यांनी काही ठरवायच्या आत मीच उठून सांगणार की उत्तरेकडे बरीच कामं खोळंबली आहेत आणि आता निघावं म्हणतो. सन्मानाने जाणं वेगळं. बॅग भरली. मग रिकामी केली, कारण फालेसीला बॅग लागेल असं वाटलं. मग पुन्हा भरली. फालेसी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मी येणार नाही हं. माझं घर इथे आहे."

हे मी योजनेत धरलंच नव्हतं.

मला जायचं नाही. एकतीस वर्षं ती माझ्या नोकरीच्या गावात राहिली, एका खोलीत, आणि कधी कुरकुर केली नाही. तिच्याशिवाय तिकडे जाऊन मी काय करणार? भीती वाटते. एवढंच.

१७ एप्रिल
बैठक आंब्याच्या झाडाखाली. सांडिफोलोंनी सुरुवात केली, "दाजींनी शेत घालवलं. स्वतःचं घालवलं, शेजारणीचंही घालवलं." इतकी लांब वाक्यं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली. मी उठायला लागलो, भूमिका मांडायला. गुडघ्यात वाकलोच होतो, तेवढ्यात एनिफाबाई उठल्या.

म्हणाल्या, "सांडिफोलो, त्यांना राहू द्या. चूक झाली, पण माणूस मोठ्या मनाचा आहे. परवा पाच पोती मका पाठवला मला. चांगला, टपोऱ्या दाण्याचा. निरोप पाठवला की माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं, मला तोंड दाखवायला लाज वाटते. अहो, कोण म्हणतं असं? आमच्यातला एक तरी पुरुष म्हणतो का?"

मी काही पाठवलं नव्हतं. फालेसी चटईच्या कडेचा धागा ओढत बसली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी अर्धा उभा, अर्धा बसलेला. तोंडातून निघून गेलं, "त्यात काय एवढं."

बायका हसल्या. कुणीतरी टाळी वाजवली. सांडिफोलोंनी खूप वेळ फालेसीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. ते ओळखून आहेत, माझी खात्री आहे. म्हणाले, "बरं. मग राहू द्या."

घरी आल्यावर कणगीत डोकावलो. पाच पोत्यांएवढी खाली होती. फालेसी चुलीपाशी होती. मी म्हणालो, तू मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं."

उरलेला मका पुढच्या पिकापर्यंत पुरेल का, असं मी विचारलं. "पुरेल," म्हणाली, "तुम्ही जरा बेताने जेवलात तर."

जेवायला मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी होती. भूक होती. दुसऱ्यांदा मागितलं नाही.