कूलरखालचं पाणी

मंगळवार, १२ मे

बाबांनी आज कूलरच्या टाकीला पुन्हा डांबर फासलं. त्यांना खरं कोण सांगणार? मी तर नाही.

कन्हानहून कुत्र्याचं पिल्लू, ढेमशा, आणलं त्याच दिवशी आईनं बजावलं होतं, "घरात एकदा जरी मुतला, तर कन्हानले वापस." एवढ्याशा पिल्लाला हे कसं समजवायचं? अंगणात मी अर्धा अर्धा तास शू-शू करत उभी राहते, तो नुसता कुंड्या हुंगतो. मग आत येऊन कूलरसमोरच्या गार फरशीवर निवांत मोकळा होतो. पहिल्यांदा बाबांनी विचारलं, "हे पाणी कशाचं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कूलर गळून राहिला." तेव्हापासून हे डांबर.

आज डांबर नीट वाळावं म्हणून बाबांनी कूलर पार रिकामा करून ठेवला. संध्याकाळी पाहते तर कोरड्या कूलरसमोर हे एवढं तळं, आणि शेजारी ढेमशा शेपटी हलवत. बाबा कधी कूलरकडे बघतात, कधी ढेमशाकडे. मी मनातल्या मनात कन्हानच्या बसमध्ये बसले.

तेवढ्यात आई आली. कूलरमागे हात घालून तिनं एक फडकं काढलं आणि तळं पुसून टाकलं.

"काहून पाहून राहिले जी असे?" ती बाबांना म्हणाली. "आतलं उरलेलं पाणी निथळलं असन."

बाबांनी पुन्हा डांबराचा डबा उघडला. आईनं फडकं धुऊन परत कूलरमागच्या खिळ्याला अडकवलं.

तो खिळा तिनं कधी ठोकला? म्हणजे मी ऑफिसात असताना हे रोजचंच आहे.