रानमेंढ्यांना मीठ घातल्याबद्दल

आणि मला न विचारता व्यापारी ठरवलात, हे मात्र पटलेलं नाही दाजी, तुम्ही काहीही म्हणा. रविवारी फोनवर उमाक्का सांगते की लोणंदचा माणूस मेंढरं बघून गेला, दिवाळीच्या आत सगळी देऊन टाकायची ठरली. मी काही बोलायच्या आत तुम्ही तिच्या हातातून फोन घेता आणि म्हणता, "तू पळालास ना, मग तुला मेंढरांचं काय पडलंय?" त्याच्यापुढचं मला ऐकू आलं नाही, कारण फोनचं कार्ड संपलं. (निम्मं कार्ड तर तुमचा खोकला ऐकण्यातच गेलं होतं.) म्हणून राहिलेलं भांडण पत्राने करतो आहे. वर लिहायचं राहून गेलं ते इथे लिहितो: तीर्थरूप दाजी आणि अक्का यांच्या पायांवर बिरूचं डोकं. मी बरा आहे असं तुम्ही समजून चालावं. तुमचा गुडघा कसा आहे, तेल रोज चोळताय की बाटली नुसती उशाशी ठेवलीय, ते कळवावं. गुडघ्यामुळे यंदा मेंढरं घेऊन कोकणात उतरणं होणार नाही आणि पोरं कॉलेज सोडून मेंढरांमागे यायची नाहीत, हे मला कळतं. सातवी नापासालाही इतकं कळतं.

पण तुम्ही साऱ्या वस्तीला सांगत सुटलाय की बिरू मेंढरांना कंटाळून कॅनडाला गेला. गेलो, खोटं कशाला बोलू. आता कंटाळून मी कुठे येऊन पोचलो ते ऐका. कॅलगरीत ज्या हॉटेलात भांडी घासत होतो ते वसंतात बंद पडलं. तेव्हा स्वानंदने (हा पुण्याचा, कॉम्प्युटरवर काम करतो, त्याच्याच बेसमेंटमध्ये मी राहतो) डग नावाच्या एका म्हाताऱ्याला फोन लावला. डग शिकारी लोकांना घोड्यांवरून डोंगरात नेतो, आणि त्याला माणूस हवा होता. स्वानंदने माझ्यासमोर त्याला सांगितलं की हा मुलगा जन्मापासून शीपमध्ये आहे, व्हेरी एक्सपिरियन्स्ड. डगला वाटलं हिमालयातला कोणी शिकारी मिळाला. मला वाटलं कुरणावर मेंढरं राखायची आहेत. दोघंही खूश झालो. कामाचं परमिट डगच्या नावावर झालं, म्हणजे आता इथे डगने ठेवलं तर मी, नाहीतर विमानतळ.

इथली मेंढरं म्हणजे कुणाची नसलेली मेंढरं. रंग मातीचा, अंगावर लोकर नाही, केस आहेत, आणि राहायला उभा कडा. आपलं घाटातलं करडूसुद्धा जिथे जायच्या आधी दोनदा विचार करेल तिथे ही बसून रवंथ करतात. मेंढ्याची शिंगं पार मागून वळून गालावर येतात. सरकारचा नियम असा की शिंगाचं टोक डोळ्याच्या पुढे आलेलं असेल तरच गोळी घालायची. बोटभर कमी भरलं तर दंड, मेंढा जप्त, आणि डगचं लायसन्स धोक्यात. म्हणून लोक दिवसदिवस दुर्बीण लावून शिंगं बघत पालथे पडतात. मुलीकडचे मुलगा बघायला येतात तेव्हासुद्धा इतकं बघत नाहीत. आणि या बघण्यासाठी टेक्ससच्या एका दाताच्या डॉक्टरने डगला जे पैसे दिले त्यात आपल्याकडे ट्रॅक्टर आला असता, मागे ट्रॉली लावून.

डग आणि डॉक्टर उजाडायला वर चढायचे आणि अंधार पडताना खाली यायचे, रोज तोंडं जास्त उतरलेली. त्या आठवड्यात त्यांना शेपूटसुद्धा दिसलं नाही. माझं काम तंबूपाशी थांबणं, घोडी बघणं आणि स्वयंपाक. (डॉक्टरला मी पिठलं घातलं. त्याने विचारलं हे कोणत्या प्राण्याचं. मी म्हटलं डाळीचं. त्यानंतर तो माझ्याशी जपून बोलायला लागला.) दिवसभर बोलायला घोड्यांशिवाय कोणी नाही, आणि घोड्यांना इंग्रजीच समजतं.

तिथे एका दुपारी ओढ्यापलीकडे पाच मेंढे दिसले. उघडा खडक चाटत होते. दाजी, तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला सांगा. मेंढरू दगड चाटायला लागलं की त्याला मीठ हवंय, हे आपल्यात पोर चालायला लागायच्या आधी शिकतं. घोड्यांसाठी आणलेला मिठाचा मोठा खडा होता, तो मी कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट बाजूने फोडला, सपाट दगडावर पसरला, मागे सरलो आणि आपली घरची हाळी दिली. हात आणि तोंड आपसूक चाललं, डोकं त्यात नव्हतंच. पहिल्या दिवशी लांबून बघून गेले. दुसऱ्या दिवशी आले. चौथ्या दिवशी मी यायच्या आधी दगडापाशी उभे. त्यातला थोरला असा की शिंगाचं टोक डोळ्याच्या पुढे चांगलं चार बोटं. मी त्याच्याशी मराठीत बोलायचो, तुमच्याबद्दलच बरंचसं, आणि तो ऐकून घ्यायचा.

मी लपवलं नाही, हे लक्षात घ्या. उलट मला वाटलं आता माझी बढती. ते दोघं संध्याकाळी गुडघे सोलवटून आले तेव्हा मी अभिमानाने म्हटलं, वर कशाला जाता, मेंढे इथे येतात, मी रोज मीठ घालतो. बरोबर तेव्हाच थोरला ओढ्यातून वर आला. डॉक्टरने बंदूक उचलली. डगने नळीवर हात ठेवून ती खाली केली. आमिष घालून मेंढा मारणं इथे गुन्हा आहे, आणि मी घातलेलं मीठ म्हणजे आमिष. डॉक्टर म्हणाला, "इथे कोण बघतंय?" डग म्हणाला, "मी बघतोय." मग दोघं माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी तळ हलवला. खिंड ओलांडून पार पलीकडच्या खोऱ्यात गेलो. मी घोड्यांच्या मागे शेवटी चालत होतो, आणि सवयीने मागे वळून बघितलं तर पाचही जण रांगेत येत होते. कोकणात उतरताना आपली येतात तसेच. मी दगड मारले, शिव्या दिल्या (अक्काला हे वाचून दाखवू नका), पण माझा आवाज ऐकून ते उलट जवळ आले. नव्या जागी तंबू ठोकेपर्यंत त्यांनी जागा धरलेली होती. पुढे रोज तेच. आख्ख्या डोंगरात नियमात बसणारा एकच मेंढा, आणि तो आमच्या चुलीपाशी रवंथ करतोय, आणि मिठामागे आलेला म्हणून त्याला हात लावायचा नाही. शेवटच्या सकाळी तर डॉक्टर तंबूतून लघवीला बाहेर पडला तो थेट त्याच्यावर जाऊन आपटला. मग तो खाली बसला आणि रडला. रडणारा श्रीमंत माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बघणं सोपं नसतं. तुम्ही हसाल, मलाही हसू यायला हवं होतं. पण मी त्यांचे फोटो काढून दिले, डॉक्टर, मेंढा आणि मागे डोंगर.

डगला निम्मे पैसे परत द्यावे लागले. माणूस वाईट नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. "बिरू," म्हणाला, "तुझा मेंढरांवर हात चांगला आहे. पण माझा धंदा ती मारायचा आहे." परमिट या महिनाअखेर संपतं आणि तो पुढे करणार नाही. परतीचं तिकीट त्यालाच काढावं लागतं, इथला कायदा तसा आहे, ते त्याने काढलं. स्वानंदला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, तू बेटिंग केलंस? दॅट्स सो इल्लीगल रे." (बेटिंग म्हणजे आमिष घालणं, जुगार नव्हे.) आणि नवीन एम्प्लॉयर इतक्यात मिळणं डिफिकल्ट आहे. त्याची बायको रश्मी म्हणाली जेवून घे आधी.

तर असं आहे. हॉटेलचं काम मला येत नाही, आलं तर हॉटेल बंद पडतं. बंदूक मला धरवत नाही. आठ हजार मैल लांब येऊन देवाने माझ्यापुढे मेंढरंच आणून उभी केली, आणि मी घरी पोचेन तेव्हा तुमच्या वाघरीच्या जाळीआड एकही मेंढरू नसेल. मी कोण सांगणारा. तुमचा गुडघा, तुमची पोरं, तुमची मेंढरं. व्यापाऱ्याला शब्द दिला असेल तर खुशाल विका. मी मनात काही ठेवणार नाही.

तुमचा,
बिरू

ता. क. कामावरून काढलं हे अक्काला सांगू नका. रजेवर येतोय म्हणा.

ता. क. दुसरा. वर विका असं लिहिलंय ते रागात लिहिलं. पत्र फाडून परत लिहायला कागद नाही.

ता. क. तिसरा. दाजी, लोणंदच्या माणसाला सांगा की दुसरं गिऱ्हाईक आलंय. कोण ते सांगू नका, हसेल. त्याच्या भावावर मी नगामागे पन्नास रुपये चढवतो. माझ्या पैशात बसतील तेवढ्या माद्या माझ्या नावाने बाजूला काढा, त्यांतही तरण्या बघून काढा, आणि नात्याकडे बघून भाव पाडू नका. कोकणात मी नेतो. पैसे स्वानंद तुमच्या फलटणच्या खात्यात भरतोय. डगने चुकती केलेली सगळी मजुरी आहे ती, मागे काही ठेवलेलं नाही. बयाणा समजा: आठशे चाळीस डॉलर.