तुझं प्रोटीन कमी आलं तेव्हा

प्रिय छकुली,

तू गेल्यापासून सात वर्षांत तुला एक ओळ लिहायचा धीर झाला नाही. आज लिहितेय, कारण आमच्या नौपाड्यातल्या लॅबमध्ये कळव्याची एक मुलगी आलेली. तुझ्याएवढीच, बारा वर्षांची, तशीच काटकुळी, पोट धरून बसलेली. आता नवीन टेस्ट आलीय. आत कुठे सूज असली की रक्तात एक प्रोटीन वाढतं, ते काचेवर औषधात मिसळलं की दोन मिनिटांत दाणे धरतात. तिच्या काचेवर भराभर धरले.

तुझ्या वेळी ही टेस्ट आमच्याकडे नव्हती. पण रक्तातलं दुसरं प्रोटीन मीच तपासलेलं ना गं? कमी आलं. मी काय केलं? घरी येऊन तुलाच ओरडले, "खात नाहीस, म्हणून ही दशा." रोज दोन अंडी, वर दूध. तू नाक दाबून गिळायचीस. प्रोटीन सुजलेल्या आतड्यातून गळून जातंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी पोटाचा टीबी धरून गोळ्या दिल्या.

मग चड्डीला रक्त दिसलं. आजी म्हणाली, "पोर शहाणी झाली." तुला बाजूला बसवलं, माझी हिरवी साडी नेसवून ओटी भरली. साडी कमरेला राहीना, म्हणून पिना लावल्या. तू म्हणालीस, "आई, हे तसलं नाहीये गं." मी म्हटलं, "पहिल्यांदा सगळ्यांनाच असं वाटतं."

का नाही भांडलीस? एरवी रिबिनीच्या रंगावरून घर डोक्यावर घ्यायचीस! शीतून रक्त पडतंय, एवढं का नाही बोललीस? पण सांगणार तरी कुणाला? बाबांना आम्ही त्या खोलीत येऊच दिलं नाही. आणि मी, दिवसभर लोकांच्या पोरांची शी तपासणारी बाई, तुझी एकदाही तपासली नाही. त्याची लाज आजही जात नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात खरं कळलं, टीबी नव्हताच, आतड्याला सूज येऊन जखमा झालेल्या; तोवर आतडं फुटलेलं. तिथेही मी डॉक्टरांना आधी काय सांगितलं, माहितीये? "हिची पाळी चालू आहे."

आज त्या मुलीच्या आईला जिन्यात गाठलं. माझं काम रिपोर्ट द्यायचं, तरी विचारलं, "हिला रक्त जातं का?" ती लाजून हसली. "हो, सुरू झालंय ना आता तिचं." मी तिला तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, माझ्या पोरीबद्दल असलं अभद्र बोलू नका." पोरीचा हात धरून रिक्षात बसली आणि गेली.

फॉर्मवर पत्ता आहे. उद्या सकाळी कळव्याला जाते. तिने दार लावून घेतलं तर पायरीवर बसेन. तपासायला शीची डबी हातात पडेपर्यंत उठणार नाही, छकुली. तुला शब्द देते.

तुझं तेव्हा न ऐकलेली,
आई